सगळीकडे पत्नी नॉमिनी आहे, मग मृत्युपत्राची गरज काय?

प्रश्नकर्त्यांची परिस्थिती थोडक्यात अशी आहे. वय ४१, पत्नी, नऊ आणि पाच वर्षांची दोन मुलं, आई त्यांच्याकडेच राहते, बहिणीचं लग्न झालंय. पुण्यातला फ्लॅट त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे आणि त्यावर कर्ज चालू आहे. बँकेत ठेवी, म्युच्युअल फंड, प्रॉव्हिडंट फंड, टर्म इन्शुरन्स. गावाकडे आजोबांपासूनची शेतजमीन, जिच्या सातबाऱ्यावर २०१६ साली वारलेल्या वडिलांचंच नाव अजून आहे. त्यांचे प्रश्न दोन: सगळीकडे पत्नीला नॉमिनी केलंय, तर वेगळं मृत्युपत्र लागतं का? आणि आईने तिच्या नावावरचं गावातलं घर आत्ताच बक्षीसपत्राने त्यांच्या नावे करून टाकावं का?

मी दिवाणी बाजूला वकिली करते आणि माझ्याकडची बरीच कामं वारसाहक्काचीच असतात. दादा, आधी थेट उत्तर देते. मृत्युपत्र लागतं, तुमच्या बाबतीत तर नक्कीच. आणि आईने बक्षीसपत्र आत्ता करू नये असं माझं मत आहे. आता कारणं सांगते. कारणं कळली नाहीत तर मृत्युपत्र 'करू कधीतरी' या यादीतच राहतं.

एक गोष्ट आधी स्पष्ट करते. आपल्याकडे वारसाहक्काचा कायदा धर्मानुसार बदलतो. खाली लिहिलंय ते हिंदू वारसा कायदा, १९५६ ज्यांना लागू होतो त्यांच्यासाठी, म्हणजे हिंदू, बौद्ध, जैन, शीख. ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. मुस्लिम व्यक्तीला वारसांच्या संमतीशिवाय साधारणपणे एक तृतीयांशापेक्षा जास्त मालमत्ता मृत्युपत्राने देता येत नाही. गोव्यातली व्यवस्था आणखी वेगळी आहे. तुम्ही यांपैकी कुठे बसता यावर बरंच अवलंबून आहे.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक, कंपनी किंवा सोसायटीने पैसे अथवा कागद कोणाच्या हाती द्यायचे, एवढंच नॉमिनेशनने ठरतं. त्या हातातून ते पुढे कायदेशीर वारसांकडे जायचे असतात. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे सरबती देवी खटल्यात १९८३ सालीच सांगितलं. बँकेतल्या ठेवींबद्दल तसाच निर्णय २०१० मध्ये झाला. शेअर्सबद्दल बराच काळ गोंधळ होता, तो शक्ती येझदानी खटल्याच्या निकालाने डिसेंबर २०२३ मध्ये मिटला. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांच्या कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर तर स्पष्टच लिहिलंय की वारस ठरेपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सभासद. विम्यात २०१५ च्या दुरुस्तीने 'लाभार्थी नॉमिनी' आला. पती, पत्नी, मुलं किंवा आईवडील नॉमिनी असतील तर त्यांना रकमेवर स्वतःचा हक्क मिळावा असा त्यामागचा हेतू आहे, पण त्याच्या अर्थावरूनही कोर्टात वाद झाले आहेत. त्यामुळे मी कोणालाही एकट्या नॉमिनेशनवर विसंबून राहू देत नाही.

म्हणून नॉमिनेशन निरुपयोगी ठरत नाही. ते नसेल तर साध्या ठेवीसाठीही कागदांची रांग लागते. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी ठेवता येतात, तेव्हा पत्नीनंतर दुसरं नावही घाला. नॉमिनेशनमुळे पैसे लवकर हातात येतात आणि मृत्युपत्रामुळे ते कोणाचे हे ठरतं. मृत्युपत्रात ज्याचं नाव तोच शक्यतो नॉमिनीही असावा. दोन्हीकडे वेगळी नावं म्हणजे भांडणाला आमंत्रण.

आता तुमचा फ्लॅट घेऊ. मृत्युपत्र न करता तुम्ही गेलात तर तो पत्नीचा होईल असं तुम्ही गृहीत धरलंय. तसं होत नाही. तुमचे पहिल्या वर्गातले वारस म्हणजे पत्नी, दोन मुलं आणि आई. चौघांना समान, प्रत्येकी एक चतुर्थांश. पुढे आई मृत्युपत्र न करता गेल्या, तर त्यांच्या चतुर्थांशाचा अर्धा भाग तुमच्या बहिणीकडे आणि उरलेला अर्धा तुमच्या दोन मुलांकडे जाईल. म्हणजे ज्या फ्लॅटचे हप्ते तुम्ही दोघं भरताय, त्यात तुमची बहीण एक अष्टमांश मालक होईल. ती कितीही प्रेमाची असली तरी विक्रीच्या करारावर तिची सही लागेल.

पण मला खरी काळजी बहिणीच्या हिश्श्याची वाटत नाही, मुलांच्या अर्ध्या हिश्श्याची वाटते. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाच्या नावे असलेली स्थावर मालमत्ता आईलासुद्धा कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता किंवा गहाण टाकता येत नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम ८ तसं सांगतं. परवानगीच्या अर्जात विक्री मुलाच्या गरजेसाठी किंवा उघड फायद्यासाठी आहे हे पटवून द्यावं लागतं, आणि मुलांच्या हिश्श्याचे पैसे ते सज्ञान होईपर्यंत ठेवीत ठेवा अशी अट अनेकदा येते. परवानगीशिवाय व्यवहार केला तर मूल सज्ञान झाल्यावर तो रद्द करून घेऊ शकतं, म्हणून जाणता खरेदीदार अशा घराकडे फिरकत नाही.

माझ्याकडे आलेल्या एका बाईंचं असंच झालं. नवरा अचानक गेला, हप्ता झेपेना, फ्लॅट विकून माहेरच्या गावी जायचं त्यांनी ठरवलं. खरेदीदार मिळाला, टोकन आलं. त्याच्या कर्जासाठी बँकेच्या वकिलाने टायटल रिपोर्ट, म्हणजे मालकी तपासल्याचा अहवाल, केला, त्यात एकच ओळ होती: सहमालकांपैकी दोन अज्ञान, सक्षम न्यायालयाचा आदेश सादर करावा. त्या ओळीवर बोट ठेवून बाई मला विचारत होत्या, "अहो, मुलं माझीच आहेत ना?" आदेश मिळाला, पण तोवर खरेदीदार थांबला नाही, आणि हप्त्यांवरचं व्याज वाढत राहिलं. नवऱ्याने एका पानावर 'फ्लॅट माझ्या पत्नीला' असं लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या असत्या, तर यातलं काहीच करावं लागलं नसतं.

कायद्याला खरोखर फार काही लागत नाही. १९२५ च्या उत्तराधिकार कायद्याच्या कलम ६३ नुसार तुमची सही आणि किमान दोन साक्षीदार हवेत. दोघांनी तुम्हाला सही करताना पाहिलेलं असावं, किंवा ही सही माझीच असं तुम्ही त्यांना सांगितलेलं असावं, आणि त्यांनी तुमच्यासमोर सह्या केलेल्या असाव्यात. स्टॅम्प पेपर लागत नाही, साधा कागद चालतो. भाषा मराठीच ठेवा, जिच्यात तुम्ही विचार करता ती. नोंदणी सक्तीची नाही. तरीही वयस्कर माणसाचं मृत्युपत्र मी नोंदवूनच घ्यायला सांगते, कारण दुय्यम निबंधकासमोर हजर राहिल्याची नोंद पुढे उपयोगी पडते. पण नोंदणी झाली म्हणजे मृत्युपत्र सिद्ध झालं असं नसतं. वाद झाला तर किमान एका साक्षीदाराला कोर्टात येऊन सांगावं लागतं.

म्हणून साक्षीदार निवडताना घाई करू नका. तुमच्यापेक्षा वयाने लहान, सहज सापडणारे, आणि मृत्युपत्रातून ज्यांना काहीही मिळत नाही असे दोघं निवडा. हिंदूंच्या बाबतीत लाभार्थी साक्षीदार असला म्हणून त्याचा लाभ आपोआप रद्द होत नाही, पण संशयाला जागा उरते आणि समोरचा वकील तिथेच बोट ठेवतो. प्रत्येक पानावर सही करा, खाडाखोड टाळा, तारीख घाला, आणि हे माझं शेवटचं मृत्युपत्र असून आधीची सर्व रद्द समजावीत असं लिहा.

मजकुरात मी तुम्हाला काय लिहायला सांगेन? फ्लॅट, ठेवी, फंड सगळं पत्नीला, पूर्ण मालकीने. मुलं लहान असताना त्यांच्या नावे हिस्से पाडू नयेत असं माझं ठाम मत आहे. काही जण विचारतात, पत्नीने पुन्हा लग्न केलं तर? तिच्यावर विश्वास असेल तर तिला मोकळे हात द्या. नसेल, किंवा मालमत्ता मोठी असेल, तर ट्रस्ट करून विश्वस्त नेमायचा मार्ग आहे. पण एक फ्लॅट आणि काही ठेवी असलेल्या घराला ट्रस्टचा व्याप झेपत नाही.

मग पुढचं वाक्य: पत्नी माझ्या आधी किंवा माझ्याबरोबरच गेली तर सर्व दोन्ही मुलांना समान. हे वाक्य बहुतेक घरगुती मृत्युपत्रांत नसतं. दोघं एकाच अपघातात गेले आणि आधी कोण गेलं ते ठरवता आलं नाही, तर हिंदू वारसा कायद्याचं कलम २१ वयाने लहान असलेली व्यक्ती नंतर गेली असं मानतं. असल्या गृहीतकावर मुलांचं भवितव्य सोडू नका. त्याच परिच्छेदात मुलांचा पालक कोण आणि मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा व्यवस्थापक कोण, ही नावं घाला. वडिलांनी नेमलेल्या पालकाला आई हयात असेपर्यंत अधिकार नसतो, आणि मागे राहिलेल्या आईने स्वतः पालक नेमला तर तिची नेमणूक ग्राह्य धरली जाते. म्हणून पत्नीनेही मृत्युपत्र करावं, आणि दोघांनी पालक म्हणून एकच नाव लिहावं. ज्याचं नाव लिहिताय त्याला आधी विचारा.

आईसाठी काय करायचं? फ्लॅटमध्ये आईला हयातभर राहण्याचा हक्क, असं अनेक जण आपुलकीने लिहितात. ते जरूर लिहा, पण परिणाम माहीत असू द्या. पुढे पत्नीला फ्लॅट विकावा लागला तर आईची संमती लागेल. आईचं स्वतःचं घर शाबूत असेल तर मी त्याऐवजी एखादी ठेव किंवा विम्याचा काही भाग आईला द्यायला सांगेन. सासू-सुनेचं कसं आहे ते तुम्हालाच माहीत, त्यामुळे हे तुम्हीच ठरवा. शेवटी एक सर्वसमावेशक कलम हवं: वर उल्लेख नसलेली आणि पुढे मिळवलेली सर्व मालमत्ता पत्नीला. नाहीतर उद्या घेतलेल्या नव्या फंडासाठी पुन्हा वारसांची चौकशी सुरू होते.

पत्नीच्या मृत्युपत्राबद्दल थोडं अधिक बोलते, कारण हा भाग लोक सहसा सोडून देतात. तिच्या नावे जे काही असेल ते मृत्युपत्राअभावी तुम्हाला आणि दोन मुलांना समान जाईल, म्हणजे अज्ञान मुलांचा तोच पेच. मूलबाळ नसलेल्या स्त्रीच्या बाबतीत तर कायदा फारच विचित्र वागतो. नवरा आणि मुलं नसतील तर तिची स्वकष्टाची मालमत्ता आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, तिच्या आईवडिलांचा नंबर त्यांच्यानंतर. ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण या २००९ च्या खटल्यात लग्नानंतर तीन महिन्यांतच विधवा झालेली, माहेरी राहून शिकलेली, नोकरी करून पैसे साठवलेली बाई होती. तिची कमाई सर्वोच्च न्यायालयाने कलम १५ प्रमाणे सासरच्यांना दिली. कायद्याचे शब्दच तसे होते. तुमच्या बहिणीलाही हे वाचायला द्या.

आता आईचं घर. बक्षीसपत्र नोंदवलं की मालकी त्याच दिवशी जाते आणि मन बदललं म्हणून ते परत घेता येत नाही. मृत्युपत्र मात्र आई हयात असेपर्यंत कितीही वेळा बदलू शकतात. तुम्ही चांगला मुलगा असाल, मी त्यावर शंका घेत नाही. पण तुम्ही आधी गेलात तर? आईने दिलेलं घर तुमच्या वारसांमध्ये वाटलं जाईल आणि स्वतःच्या घरात आईचा फक्त चौथा हिस्सा उरेल. शिवाय तुमच्यावर कर्ज आहे. उद्या काही वसुली निघाली तर तुमच्या नावावर आलेलं ते घरही तिच्या कक्षेत येऊ शकतं.

बक्षीसपत्राच्या बाजूने एक खरा मुद्दा आहे. आईच्या मागे भावंडांत वाद होण्याची शक्यता असेल तर हयातीतच व्यवहार पूर्ण झालेला बरा. तशी परिस्थिती असेल तर आईचा हयातभर राहण्याचा हक्क आणि सांभाळाची अट बक्षीसपत्रातच स्पष्ट लिहा. अशी अट असेल आणि मुलाने सांभाळलं नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली आईला ते रद्द करून मागता येतं. तुमच्या पत्रात वादाचं काही दिसत नाही, म्हणून मृत्युपत्रच सुचवते. आईला एकटीला वकिलाकडे बसू द्या, तुम्ही बाहेर थांबा. ज्याला घर मिळणार त्यानेच कागद तयार करून आणले, हा मृत्युपत्राविरुद्धचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात प्रभावी आक्षेप आहे. त्याच दिवशी डॉक्टरांकडून आई मानसिकदृष्ट्या सक्षम असल्याचा दाखलाही घ्या. आईच्या मनात काय आहे ते बहिणीलाही आईकडूनच कळू द्या. मृत्यूनंतर पहिल्यांदा कळलेलं वाटप फार लागतं.

जमिनीबद्दल मी अर्धंच सांगू शकते. आजोबांपासून आलेली म्हणून ती वडिलोपार्जित आहे असं तुम्ही म्हणता, पण कायद्याच्या दृष्टीने ते ती कशी आली यावर ठरतं. ती एकत्र कुटुंबाची असेल तर तुमच्या बहिणीला २००५ च्या दुरुस्तीने जन्मतः तुमच्याइतकाच हक्क आहे, आणि वडील कधी वारले याचा त्याच्याशी संबंध नाही हे २०२० च्या विनीता शर्मा निकालाने पक्कं झालंय. आजोबा १९५६ नंतर वारले आणि ती वडिलांना वारसाने मिळाली असेल, तर ती वडिलांची स्वतंत्र मालमत्ता धरली जाऊ शकते. मग आज ती आई, तुम्ही आणि बहीण यांची समान. दोन्ही प्रकारांत तुम्ही मृत्युपत्राने फक्त तुमचा हिस्सा देऊ शकता, अख्खी जमीन नाही.

जुने फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव कधी आणि कसं बदललं त्याच्या नोंदी, काढून पाहा. कुठे नावापुढे 'ए. कु. मॅ.' अशी अक्षरं असतील तर ते एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागलेलं नाव आहे, आणि मग चुलत्यांचे हिस्सेही असू शकतात. वारस नोंद मात्र लगेच करून घ्या. जमीन महसूल संहितेप्रमाणे मिळालेला हक्क तीन महिन्यांत कळवायचा असतो, तुमची बरीच वर्षं गेली आहेत. नुसत्या नोंदीने मालकी मिळत नाही, पण नोंद नसेल तर पुढच्या पिढीला दोन मृत्यूंचे दाखले आणि दुप्पट वारस जुळवत बसावं लागतं.

बाकीचं भराभर सांगते. प्रॉव्हिडंट फंडाचं नॉमिनेशन लग्नाआधीचं असेल तर पुन्हा भरा. पुढे नवा टर्म इन्शुरन्स घेतलात तर तो १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घ्या. त्याची रक्कम पत्नी-मुलांसाठी विश्वस्त निधी ठरते आणि तुमचे सावकार तिच्यापर्यंत पोहोचू शकत नाहीत. मात्र ही निवड पॉलिसी घेतानाच करावी लागते. आईने तुम्हाला दिलेलं कुलमुखत्यारपत्र असेल तर ते त्यांच्या मृत्यूबरोबर संपतं, त्यानंतर त्यावर सही करू नका. वारसाकर आपल्याकडे नाही, मृत्यूनंतरचा इस्टेट ड्यूटी हा कर १९८५ मध्येच रद्द झाला. मुंबईसारख्या शहरांत लागणारं सक्तीचं प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र कोर्टाकडून प्रमाणित करून घेणं, हेही डिसेंबर २०२५ मध्ये कायद्यातून काढलं गेलं. पुण्याला ती सक्ती आधीही नव्हती. जीवरक्षक यंत्रणेवर ठेवू नये अशी आईची इच्छा असेल तर तेही लिहून ठेवता येतं. २०२३ पासून त्यासाठी नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन पुरतं.

मृत्युपत्राची मूळ प्रत एकट्याच्या नावावरच्या लॉकरमध्ये ठेवू नका. तो लॉकर उघडायला जे कागद लागतात तेच आत अडकून बसतात. प्रत कुठे आहे हे पत्नीला आणि व्यवस्थापकाला माहीत असू द्या, किंवा बंद लिफाफ्यात जिल्हा निबंधकांकडे जमा करा. सोबत एक साधी यादी ठेवा: खाती, फंडांचे फोलिओ, पॉलिसी, कर्ज, आणि कोणाकडून किती येणं आहे.

कामांचा क्रम असा ठेवा. आधी तुमचं आणि पत्नीचं मृत्युपत्र, ते आठवड्याभरात होण्यासारखं आहे. मग आईचं, नोंदणीसह. त्याच सुमारास गावी जाऊन वारस नोंदीचा अर्ज द्या आणि जमिनीचे जुने फेरफार मागा. आजोबा कोणत्या साली वारले आणि वडिलांचं नाव कोणत्या फेरफाराने लागलं, एवढं कळवलंत तर जमिनीतला तुमचा हिस्सा मृत्युपत्रात कोणत्या शब्दांत लिहायचा ते सांगते.